चमनचे वाक्य

इमामबी : मी समदं ऐकून घेतलं, मास्तर. तरीबी माजं म्हननं तेच हाय. चमनला आज मारू नगा.

मास्तर : इमामबी, मी पुन्हा सांगतो की या नावाचा मनुष्य जगात कोठेही नाही. चमन हा केवळ माझ्या शिकवणीतल्या इंग्रजी वाक्यातला कर्ता आहे. तो वाक्याच्या आरंभी उभा राहतो आणि पूर्णविराम आला की त्याचे आयुष्य संपते. आपण बसा तरी. उन्हातून आलात.

इमामबी : ऊन कसलं? तुमची मागची भित आनि माजी मागची भित एकच हाय. वळसा घालून आले, इतकंच. इतकी वर्सं तुमी हितं शिकवनी घेतासा, पर भितीपलीकडं कोन ऱ्हातंय ते कवा इचारलं न्हाईसा.

मास्तर : तसे कसे म्हणता? कल्हईवाले अल्लाउद्दीन माझ्या चांगल्या परिचयाचे होते. माझ्या घरची भांडी त्यांनीच उजळली. त्यांच्या मयतीसही मी उपस्थित होतो.

इमामबी : व्हय, आलतासा. कबरस्तानात हुबं राहून काय तरी लई मोठं बोललासा म्हनं. मानसं घरला येऊन सांगाय लागली, मास्तर चांगलं बोलला, पर काय बोलला ते कुनाला समजलं न्हाय.

मास्तर : माझी भाषा थोडी पुस्तकी आहे, हे खरे. पूर्वायुष्यात मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवीत असे. दिवसभर ज्या वाक्यांना हात लागे, तीच पुढे तोंडात बसली.

इमामबी : बसूंदेत की. मी कुठं नाव ठेवतेय. त्या अल्लाउद्दीनांचाच ल्योक चमन.

मास्तर : कोणाचा?

इमामबी : त्येंचा आनि माजा. एकुलता एक. तुमी म्हनलासा, जगात कुठं न्हाय. मी प्वाटात वागवलाय त्येला, मास्तर.

मास्तर : क्षमा असावी. मला याची यत्किंचितही कल्पना नव्हती. या पंचक्रोशीत जे कोणाचेच नसेल असेच नाव मी योजले होते. त्याचे कारणही ऐका. आरंभीच्या काळात मी विद्यार्थ्यांचीच नावे वाक्यात घालीत असे. ज्ञानू झाडावरून पडतो, पडला, पडेल, असे वर्गाकडून इंग्रजीत म्हणवून घेतले, आणि थोड्याच दिवसांत ज्ञानू चिंचेवरून पडून हात मोडून बसला. त्याची आई बाळाबाई केरसुणी घेऊन या दारात उभी राहिली. म्हणाली, माझ्या पोराला तुम्ही इंग्रजीतून पाडले. तो केवळ योगायोग होता. तथापि लोकांची मने दुखवू नयेत म्हणून मी नियम केला, की सर्व काळांत एकच नाव चालवायचे, आणि ते जिवंत माणसाचे नसावे.

इमामबी : बाळाबाई अजून म्हनती, ज्ञानूचा हात पावसाळ्यात दुखतोय त्यो मास्तरांमुळं. आनि नेमकं चमन हेच नाव कुठनं सुचलं तुमास्नी?

मास्तर : ते मलाही सांगता येणार नाही. ही खोली भाड्याने घेऊन थोडेच महिने झाले होते. सायंकाळी एकटाच बसून दुसऱ्या दिवसाची वाक्ये मनाशी जुळवीत होतो. ते नाव आपोआप ओठांवर आले.

इमामबी : तवा भितीपलीकडनं कसला आवाज येत हुता का?

मास्तर : आवाज? होय, येत असे. जात्याचा. रोज दिवेलागणीला आपण दळीत होता.

इमामबी : दिवेलागनीला कोन दळतंय? दळान पाटंचं असतंय. मी जातं मोकळंच फिरवत हुते. उलटं.

मास्तर : उलटे कशासाठी?

इमामबी : माज्या सासूनं सांगिटलेलं. घरातनं मानूस रुसून निगून गेला, तर घरातलं जातं मोकळंच उलटं फिरवायचं आनि जात्याच्या तोंडात त्येचं नाव सांगायचं. मग त्येची पावलं फिरत्यात. घरधन्याच्या नजरंम्होरं करायचं नसतंय. म्हनून जातं वडून मागच्या भितीला नेलं. रोज सांजच्याला त्येच्यावर वाकून नाव घेत हुते. चमन, चमन, चमन.

मास्तर : या भिंतीला लागून?

इमामबी : ह्याच. आनि एक दिस तुमच्याकडनं ढीगभर मानसं एका दमात वरडली, चमन. माजा हात खुट्ट्यावरच ऱ्हायला. म्हनलं, जात्यात घातल्यालं नाव भितीतनं पल्याड गेलं. त्या दिसापासनं जात्याला हात लावला न्हाय मी. माज्या एका तोंडापरीस तुमची समद्यांची तोंडं बरी.

मास्तर : आणि इतक्या वर्षांत एकदाही येऊन हे सांगावेसे वाटले नाही?

इमामबी : सांगिटलं असतं तर तुमी नाव बदललं असतंसा. आत्ताच म्हनलासा न्हवं, जित्या मानसाचं नाव नगं म्हनून.

मास्तर : खरे आहे. बदललेच असते. चमन घरातून गेला तरी कशाने?

इमामबी : ह्याच इंग्रजीनं. मॅट्रिकला बाकी समद्यात पास, इंग्रजीत तेवढा नापास. कोयनेचा भूकंप झाला त्येच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. निकाल घेऊन आला तवा भट्टीम्होरं गिऱ्हाईक बसल्यालं. लांबनं उन्हाचं चालत आल्यालं पोर. तांब्या भरून तोंडाजवळ नेला. आनि त्येंनी भाता हलवता हलवता चारचौघांत म्हनलं, इंग्रजीत पास झाल्याबिगर ह्या घरात पानी पिऊ नगंस. रागाचं बोलनं हुतं. बाप काय मनातनं बोलतोय व्हय? पर पोरानं तांब्या तसाच खाली ठेवला. पुस्तक काखंत मारलं आनि गेला. हातकणंगल्याच्या ठेसनावर कुनी तरी बगितला म्हनं. त्येच्या फुडं काय न्हाय.

मास्तर : फार कठोर वचन ते.

इमामबी : त्येंनीबी शेवटाला पानी घेतलं न्हाय. मी चमचा लावला, तोंड फिरवलं. ऱ्हाऊंदे ते. आता मी कशापायी आले ते ऐका. तुमचा आकाराम हाय न्हवं, कारखान्यात गव्हानीवर ऊस टाकतोय त्यो? शिकवनीच्या आदी माज्या पायरीवर पाय धुतोय आनि माज्या हातचा च्या पितोय. त्येला मी रोज इचारते, काल माज्या चमननं काय काय केलं? त्यो सांगतोय, चाची, काल चमन बाजारला गेला. काल चमननं म्हस घेतली. आज चमन नदीत पोहनार हाय. हसत हसत सांगतोय. पर मला पोटच्या पोराची खुशाली तुमच्या शिकवनीतनंच कळती, मास्तर.

मास्तर : ती खुशाली नव्हे, इमामबी. त्या क्रियापदांच्या सरावासाठी रचलेल्या ओळी आहेत. मीच रचतो. म्हैस घेतली हे वाक्य मी माझ्या शेजारच्या गोठ्याकडे पाहून रचले.

इमामबी : मला का कळत न्हाय? मीबी तसंच म्हनत हुते. मग एक दिस आकाराम म्हनला, काल चमननं पानी पिलं. मी उंबऱ्याभायेरच्या माठाचं झाकन काडलं. पानी खाली गेल्यालं. घरात मी एकटी, आनि मी त्या माठातलं पीत न्हाय, न्हानीतल्या घागरीतलं पिते. तवापासनं रोज सांजच्याला त्यो माठ काठोकाठ भरते. सकाळी खाली गेल्यालाच असतोय. ज्या दिशी तुमी ‘चमननं पाय धुतलं’ म्हनलासा, त्या दिशी पायरीचा दगड ओला.

मास्तर : मातीचा माठ पाझरतो. दगडावर दव पडते.

इमामबी : व्हय. माठ झिरपतोय. शेजारची चिमनाबाईबी तेच म्हनती. मग आजच का न्हाय झिरपला?

मास्तर : म्हणजे?

इमामबी : आज सकाळी झाकन काडलं. काठोकाठ. काल भरून ठेवल्यालं तसंच. इतक्या दिसांत पैल्यांदा. मी माठाला हात लावून बगितला, भायेरनं कोरडा ठाक. आनि मग मला परवाचं बोलनं आठवलं. आकाराम म्हनलता, चाची, आता शेवटचा धडा ऱ्हायलाय, त्यात मास्तर तुमच्या चमनला मारनार हायती. मी म्हनलं, कवा? तर म्हनला, बुधवारी. आज बुधवार हाय.

मास्तर : आकाराम थट्टेखोर आहे. परंतु धड्यासंबंधी तो खोटे बोलला नाही. आजचा विषय पूर्ण भूतकाळ. त्याचे एक वाक्य सर्व पुस्तकांत आहे आणि सर्व परीक्षांत विचारतात. डॉक्टर येण्यापूर्वीच रोगी मृत्यू पावला होता. दोन क्रिया आहेत. जी आधी घडून गेली, तिचे रूप निराळे होते. पूर्वी शाळेतली मुले येत तेव्हा रोगीच म्हणत असू. यंदाची तुकडी कारखान्यातल्या कामगारांची आहे. त्यांना चमनखेरीज दुसरा कर्ता चालत नाही. रोगी म्हटले की क्रियापद चुकते, चमन म्हटले की बरोबर येते. रविवारी त्यांची कारकुनाच्या जागेसाठी परीक्षा आहे. म्हणून मी ठरविले की...

इमामबी : की चमनला मारायचा.

मास्तर : आपण असे म्हणता तेव्हा मला माझ्याच खोलीत परक्यासारखे वाटते.

इमामबी : तुमी शिकल्यालं मानूस. तुमास्नी हे समदं अडाण्याचं वाटत असंल.

मास्तर : मी कसला शिकलेला? मॅट्रिकचा उंबरठा मलाही ओलांडता आला नाही. आणि उलट्या जात्याला हसण्याचा अधिकार तर मला मुळीच नाही. छापखान्यात अक्षरे उलटीच जुळवावी लागतात, इमामबी. आम्ही उलटे वाचतो, उलटे लावतो; तेव्हा कोठे कागदावर सुलटे उमटते. ज्याने हे काम केले आहे, तो उलट्या गोष्टीला एकदम खोटी म्हणणार नाही. शिवाय एक गोष्ट आहे. ती मी आजवर कोणासही सांगितलेली नाही.

इमामबी : सांगा की.

मास्तर : वर्ग एका सुरात म्हणतो. सर्वांचे म्हणून झाले, की एक स्वर मागे राहतो. किंचित उशिराने तेच वाक्य म्हणतो. या मागच्या भिंतीकडून. प्रथम मला वाटले, प्रतिध्वनी असेल. परंतु प्रतिध्वनी चुकत नाही, आणि हा स्वर चुकत असे. वर्ग ‘वेंट’ म्हणे, तर तो ‘गोएड’ म्हणे. वर्ग ‘ड्रँक’ म्हणे, तर तो ‘ड्रिंक्ड’ म्हणे. मग वाटले, भिंतीजवळ बसणाऱ्यांपैकी कोणीतरी आहे. त्यांच्या जागा बदलल्या. वर्गच बदलले. मुले गेली, कामगार आले. स्वर तोच राहिला.

इमामबी : पोराचाच का, मास्तर? आवाज?

मास्तर : नुकता फुटलेला. मिसरूड येण्याच्या वयाचा.

इमामबी : गेला तवा तेवढाच हुता त्यो.

मास्तर : मी त्याच्यासाठी म्हणून वाक्य दोनदा घेऊ लागलो. कोणाला कळले नाही. त्यांना वाटे, मास्तर म्हातारा होत चालला. हळूहळू तो सुधारला. एके दिवशी ‘ड्रँक’ बरोबर म्हणाला, आणि नंतर कधीही चुकला नाही.

इमामबी : कुठल्या वाक्याला बरोबर म्हनला?

मास्तर : आपण मघाशी सांगितले तेच. चमनने पाणी प्यायले.

इमामबी : पास झाल्याबिगर पिऊ नगंस म्हनलतं त्येंनी.

मास्तर : होय. मीही आत्ता तेच ध्यानात घेत होतो.

इमामबी : मग त्यो रोज येतोय. पानी पितोय. निस्ता उंबऱ्याच्या आत येत न्हाय. आनि आज तुमी म्हननार, मेला.

मास्तर : नाही म्हणणार. शब्द देतो. नाव बदलीन.

इमामबी : कुनाचं घालनार?

मास्तर : तेच पाहतो आहे. आकाराम, गणपतराव, रशीद...

इमामबी : नगा. दुसऱ्या आईचं पोर माज्या पोराच्या जागी निजवू नगा. मला ते सोसायचं न्हाय.

मास्तर : मग पुन्हा रोगीच म्हणू. डॉक्टरच्या आधी जो कोणी मेला, तो निनावी मरेल. चुकले तर परीक्षेत चुकोत. आज मी तेच शिकवीन आणि यापुढेही चमन या नावाला ‘मरणे’ हे क्रियापद लावणार नाही.

इमामबी : अल्ला तुमचं भलं करो, मास्तर. लई जड घेऊन आलते, हलकी होऊन चालले. जाते आता. माठ भरायचा हाय.

मास्तर : थांबा, अर्धा पेला चहा तरी...

इमामबी : नगं. पर मास्तर, एक कळंना. ते वाक्य तर तुमी आज घेनार हुतासा. अजून घेतलं न्हाईसा. मग कालच पानी का ऱ्हायलं?

मास्तर : तेच मघापासून माझ्याही मनात आहे.

आकाराम : राम राम मास्तर. आज भोंग्याच्या आदीच सुटलो, मुकादमाचा पाय धरला. आवं चाची, तुमी हितं? तरीच पायरीवर च्या न्हवता. म्हनलं चाची रुसली का काय.

मास्तर : ये, आकाराम. बैस. आजच्या धड्यात थोडा बदल केला आहे.

आकाराम : बदल कशाला, मास्तर? धडा झालाय की तयार. काल तुमी पावन्यास्नी गाडीत बसवायला लवकर गेलासा न्हवं? आमी न्हाय उटलो. मी म्हनलं, रविवार आला तोंडावर, कोन बी घरला जायचं न्हाय. फळ्यावर तुमी वाक्य लिवून ठेवल्यालंच हुतं. मी फुडं, बाकीची मागं. दम लागस्तवर म्हनलं. आता झोपंतबी इचारा. चमन हॅड डाइड...

मास्तर : थांब.

आकाराम : का? चुकलं?

मास्तर : नाही. चुकले नाही. पुढे म्हणू नकोस, एवढेच.

आकाराम : बराबर हाय न्हवं? मग? आनि मास्तर, एक गंमत सांगतो. ते मागं कोन तरी ऱ्हातंय न्हवं रोज, शेपटासारखं? आमी एकमेकाला इचारतो, कोन रं त्यो, तर कुनीच कबूल हुईत न्हाय. काल त्येबी न्हाय ऱ्हायलं. पैल्या बारीला म्हनलं, दुसऱ्या बारीला निम्मंच म्हनलं आनि गप झालं. म्हनलं, बरं झालं, समदी एका सुरात आली. चाची? चाची, खाली का बसलासा? पानी आनू?

इमामबी : पानी नगं रं, आकाराम. पान्याचं नाव काडू नगंस.

आकाराम : काय झालं, मास्तर? मी काय वंगाळ बोललो का?

मास्तर : तू जे बोललास ते मीच फळ्यावर लिहिले होते. चमन हा इमामबींचा मुलगा. इंग्रजीत नापास झाला, वडिलांच्या बोलण्याने घर सोडून गेला.

आकाराम : त्यो चमन? खरंच हुता? चाची, आईशप्पत सांगतो, मला वाटलं तुमी माजी मस्करी करतासा. म्हाताऱ्या मानसाला नाव आवडलं म्हनून इचारत असंल. मी मारनार हायती म्हनलो, ते निस्तं हसायला.

इमामबी : तुजं काय न्हाय, बाळा. तू खुशाली आनत हुतास. वाईट बातमीबी कुनीतरी आनायचीच.

मास्तर : ती बातमी नाही. इमामबी, माझ्याकडे पाहा. छापखान्यात एकदा एका मोठ्या माणसाच्या पुस्तकात आमच्या हातून भयंकर चूक झाली. फर्मे छापून, बांधून गेले होते. मी रडकुंडीला आलो. तेव्हा आमचे फोरमन शांतपणे म्हणाले, छापलेले परत घेता येत नाही, पण शेवटच्या पानावर शुद्धिपत्र जोडता येते. अमुक ठिकाणी असे छापले आहे, तेथे असे वाचावे. आणि शुद्धिपत्रातले जे असते, तेच खरे धरायचे असते.

इमामबी : पुस्तकाचं ठीक हाय. तोंडातनं गेल्याल्याला कसलं शुद्धिपत्र?

मास्तर : ज्या तोंडांनी म्हटले, त्याच तोंडांनी दुसरे म्हणायचे. आज वर्गात एकच वाक्य होईल. चमन येईल. दुसरे काहीही नाही.

आकाराम : मास्तर, आनि परीक्षा? रविवार हाय. पूर्ण भूतकाळ अजून निम्म्यांचा कच्चा हाय. मला गव्हानीवरनं काट्यावर जायचंय. तिथं उसाचं वजन लिवायचं, सावलीत बसायचं. ह्या खांद्याकडं बगा तरी.

मास्तर : पाहिला आहे तुझा खांदा. तुला मी अडविणार नाही. तुला आजचा धडा हवा असेल तर तू घरी जाऊन कर. जे वाक्य तू काल इतक्या वेळा म्हटलेस, ते तुला आता विसरता येणार नाही.

आकाराम : काय बोलतासा, मास्तर. चाचीचा च्या पिऊन पिऊन शिकलोय मी. माज्याच जिभंनं झालंय. मीच फुडं म्हनीन. बाकीच्यास्नी मी सांगतो, कोन कुरकुरलं तर बगून घेतो.

मास्तर : इमामबी, आपण घरी जा. जाते तिथेच आहे ना?

इमामबी : तिथंच. कोळ्यांनी जाळी केल्यात.

मास्तर : झाडून घ्या आणि फिरवा. तसेच, उलटे. पलीकडून आपण, अलीकडून आम्ही. आणि तो तांब्या? त्याने खाली ठेवलेला?

इमामबी : त्यो कुनाला दिला न्हाय मी. चिमनाबाईनं हळदी-कुकवाला मागिटलता, तरीबी न्हाय दिला.

मास्तर : तो घासून, भरून उंबरठ्याच्या आत ठेवा. आत. आणि आणखी एक. त्याला पास झाल्याचे कोणी सांगितले आहे का?

इमामबी : कोन सांगनार? सांगनारा बापच गेला.

मास्तर : म्हणजे तो इतके दिवस निकाल न कळताच दारापर्यंत येत राहिला. तेवढे काम माझे. जा आता, दिवस कलला.

(इमामबी जाते. दिवेलागण होते, वर्ग भरतो. मास्तर मागच्या भिंतीतली, फळ्या ठोकून बंद केलेली लहान खिडकी उघडतात. थोड्या वेळाने पलीकडून मोकळ्या जात्याची घरघर ऐकू येऊ लागते.)

मास्तर : सर्वांनी उभे राहा. मी एक निकाल वाचून दाखवतो आहे. चमन अल्लाउद्दीन कल्हईवाले, राहणार कसबा बावडा. इंग्रजी विषय. उत्तीर्ण. चमन, तू पास झाला आहेस. ही गोष्ट तुझ्या वडिलांनी सांगावयाची होती. त्यांच्या वतीने मी सांगतो. आकाराम, आरंभ कर.

आकाराम : म्हना रं समदी. चमन विल कम. चमन विल कम. चमन विल कम.

मास्तर : पुन्हा.

आकाराम : चमन विल कम. चमन विल कम. मास्तर, कुनीच न्हाय मागं.

मास्तर : मागे वळून पाहू नका. पुन्हा म्हणा.

आकाराम : चमन विल कम. चमन विल कम. चमन विल कम. मास्तर, ऐकलासा?

मास्तर : ऐकले. चुकला का?

आकाराम : न्हाय. बराबर म्हनला. पर मास्तर, भितीकडनं न्हाय आला आवाज. पल्याड, चाचीच्या दाराकडच्या रस्त्यानं आला.

मास्तर : थांबू नका. म्हना रं. म्हनत ऱ्हावा.

आकाराम : चमन विल कम. चमन विल कम. मास्तर, जातं थांबलं.

मास्तर : इमामबी? इमामबी, आमचे म्हणणे ऐकू येते ना?

इमामबी : येतंय. तुमी म्हनत ऱ्हावा, मास्तर. मी दाराची कडी काडून येते.